चौघांचं तिकीट

शकूबाईला लाईनीत उभं करून बाकीचे चहाला गेले. "आई, तू नंबर धर, आम्ही आलोच," असं म्हणून आदर्श बायको-पोराला घेऊन टपरीकडे वळला. गुडघेदुखीची म्हातारी उन्हात उभी आणि धडधाकट माणसं बाकड्यावर, असा हा न्याय. पण शकूला आज कशाचंच वाईट वाटत नव्हतं. अकरा वर्षं जिवाला लागून राहिलेलं काम आज होणार होतं.

काम नवसाचं होतं. तिचा नातू साईराज दिवस भरायच्या आतच जन्माला आला. पेणच्या दवाखान्यात पोर काचेच्या पेटीत, डॉक्टर धड काही बोलेना, सून ग्लानीत. तेव्हा शकू रामवाडीच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि लांबवर दिसणाऱ्या देवीच्या ह्या डोंगराकडे तोंड करून तिनं पदर पसरला. "कडजाई माते, पोर जगव. मी माझ्या हातानं तुझी ओटी भरीन, त्याला तुझ्या पायांवर आणून घालीन." पोर जगलं. बाळसं धरलं, शाळेत गेलं, मोबाईलवर गेम खेळायला लागलं. नवस मात्र राहिला तो राहिलाच. आधी सून वैशाली म्हणाली, एवढं लहान मूल डोंगरावर कुठं न्यायचं? मग परीक्षा आल्या, मग क्लास आले, मग आदर्शच्या कंपनीतल्या शिफ्ट आड आल्या. तोवर शकूचे गुडघे गेले. लेकाचं बिऱ्हाड रोह्याजवळ अष्टमी गावात फ्लॅटमध्ये आणि ही एकटी हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे पितांबर रंगवत बसलेली.

मग डोंगरावर पार्क झालं आणि वर जायला रोपवे आला. शकूनं फोन केला, "आता तरी चला रे." आणि काय आश्चर्य, वैशाली पहिल्याच फोनला हो म्हणाली! शकूला भरून आलं. सून आपली चांगलीच आहे, आपणच उगाच मनात धरतो, असं तिला वाटलं. भोळी बाई.

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ओटी भरल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पिशवीत खण होता, नारळ होता, तांदूळ होते, आणि सगळ्यांच्या खाली साईराजचं पहिलं झबलं. पेटीतून बाहेर काढल्यावर त्याच्या अंगात घातलेलं, तिनंच आपल्या जुन्या पातळाचं शिवलेलं. नवसाच्या पोराचं पहिलं झबलं देवीच्या पायाला लावून आणायचं आणि जन्मभर जपायचं, अशी त्यांच्याकडची रीत.

खिडकीच्या वर तिकिटांची पाटी होती. शकूनं ती सावकाश वाचली. साधं तिकीट जायचं-यायचं. बिनलाईनीचं तिकीट, ते श्रीमंतांसाठी. आणि फॅमिली पॅक, चार जणांचं, सगळ्यात स्वस्त पडणारं. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. आदर्श, वैशाली, साईराज आणि आपण. बरोब्बर चार! अगदी आपल्यालाच मोजून पाटी लावल्यासारखी. ती एकटीच हसली.

"बोला आजी, किती जण?" खिडकीतल्या पोरीनं विचारलं.

"चौघं. ते चौघांचं पॅक द्या."

तेवढ्यात मंडळी आली. आदर्श, वैशाली, साईराज आणि गॉगल लावलेली दिशा. दिशा म्हणजे वैशालीची धाकटी बहीण, ती रोह्याहून रिक्षानं थेट इथंच उतरली होती.

"ताई, बरं झालं कालच फोन केलास," दिशा म्हणाली. "पण चौघांचंच पॅक आहे ना? माझ्यामुळे कुणी राहायला नको हं."

"कोण राहतंय? आई वर येतच नाहीत. त्यांना उंचावर गरगरतं," वैशाली म्हणाली.

शकूला जन्मात कधी गरगरलं नव्हतं. ह्याच डोंगरावर तिनं पोरपणी गुरं राखली होती. आता मात्र खरंच पायांखालची जमीन हलल्यासारखी झाली. सून पहिल्याच फोनला हो का म्हणाली, ते तिला आत्ता कळलं. तिला कुणी मोजलंच नव्हतं. तिला आणलं होतं नंबर धरायला नि पिशव्या राखायला.

खिडकीतल्या पोरीनं माणसं बघितली. "पाच दिसताय की. पाचवं सुटं काढू का, आजी?"

दिशानं ओढणी सारखी केली. आदर्शनं मोबाईल काढला आणि त्यात असं डोकं घातलं, जसा काय कंपनीतून साहेबाचाच निरोप आलाय. शकू त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कमरेच्या बटव्यात तिचे स्वतःचे पैसे होते, तिकीट तिला जड नव्हतं. पण पोटच्या पोरानं एकदा तोंड उघडून 'काढा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. लाईन मागून कुरकुरायला लागली. आदर्शनं मान वर केली नाही.

"नको," शकू म्हणाली. "चौघांचंच द्या."

मग तिनं ओटीची पिशवी वैशालीच्या हातात दिली. "ऐक गो, माझ्या नावानं भर. आत झबलं हाय, ते पायाला लाव. साईराजचं डोकं ठेव पायावर. एवढं कर माझं."

"हो हो, करते," वैशाली केसांना क्लिप लावत म्हणाली.

शकू झाडाखाली पिशव्यांच्या राखणीला बसली. समोरून रोपवेचे पाळणे वर जात होते, खाली येत होते. जीभ कोरडी पडली होती, पण बाटलीला तिनं हात लावला नाही.

दुपार कलल्यावर मंडळी उतरली. खिदळत आली. साईराजची जीभ बर्फाच्या गोळ्यानं निळी झालेली.

"भरली गो ओटी?"

"अहो आई, देऊळ कुठं जवळ आहे! पाळण्यातून उतरून वर पुन्हा पायऱ्या. दिशाच्या सँडलनं चालवेना. मग तिथूनच हात जोडले," वैशाली म्हणाली. "नारळ तेवढा फोडून घेतला. तहान लागली होती सगळ्यांना."

शकूनं पिशवी उघडली. खण होता, तांदूळ सांडलेले होते. आणि झबल्याचा चिखलट बोळा झाला होता.

"ते फडकं होय?" वैशाली म्हणाली. "साईराजच्या बुटांवर आईस्क्रीम सांडलं, म्हणून पुसलं."

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फडकं? तुझं पोर जगतंय का मरतंय कळत नव्हतं, तवा ह्यात गुंडाळून मी त्याला छातीशी धरलावता! सांगून दिलंवतं तुला, सांगून!"

वैशालीचा चेहरा उतरला. शकूनं नातवाचा हात धरला. "चल रे बाबा माझ्यासंगं. नुसतं डोकं ठेव नि ये."

"पुन्हा? नको ना आजी, बोअर होतं." त्यानं हात सोडवून घेतला.

त्या सोडवलेल्या हाताचं दुःख तिला सगळ्यात जास्त झालं. ती उठली. बाटलीतलं पाणी ओतून झबलं धुतलं, पिळलं, घडी घालून पोटाशी पदरात धरलं आणि गुडघा ओढत खिडकीशी गेली.

"एक मोठं, एक लहान."

"लहान कुठंय?"

"हाय माझ्याजवळ."

"किती वर्षांचं?"

शकूनं पदराकडे बघितलं. "महिन्याचं असंल."

पोरगी घाईत होती, तिनं मान वर केली नाही. "मग त्याला तिकीट नाय लागत, आजी. तुमचं एकच होतं."

मागून आदर्श पाकीट उघडत धावत आला. "आई, थांब ना! मी काढतो तुझं."

शकूनं बटव्याची नाडी सोडली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मघाशी इथंच उभा होतास, तवा काढायचं होतंस. आता जा, पिशव्या राख."