पाणमांजराची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. नदीकाठच्या एका घराच्या मागच्या दारातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांतली सगळ्यात खालची. पाथरवटाने मला घडवले तेव्हा माझी एक कड जरा तिरकी निघाली. "ही खाली टाका, कुणाला दिसायची नाही," असे म्हणून त्याने माझा निकाल लावला. मला फार वाईट वाटले. पण नदी सर्वांत आधी मलाच भेटते, हे कळले आणि माझी मान ताठ झाली.

माझ्यावर कपडे धुतले गेले, होडी बांधली गेली. या घरातले बहीण-भाऊ माझ्याच आधाराने पोहायला शिकले. पुढे ताई नकाशे काढू लागली आणि धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर झाला. दोघांनीही लग्न केले नाही. होडी कुजली, दोघे म्हातारे झाले, आणि माझ्याकडे कुणी फिरकेनासे झाले.

मग एका सकाळी पाण्यातून एक चपटे, मिशाळ डोके वर आले. पाणमांजर! ती माझ्यावर चढली, तिने अंग झटकले आणि, सांगायला जरा लाज वाटते, माझ्यावरच घाण करून गेली. मी संतापले. पण ताई वरून भावाला हळूच म्हणाली, "अरे, ही तिच्या दारावरची पाटी आहे. इथं मी राहते, असं ती बाकीच्यांना सांगतेय." त्या घाणीत माशांचे खवले चमकत होते. एवढ्या मोठ्या नदीतून तिने मला निवडले होते! मी थक्क झाले.

आपल्यामागे इथे हॉटेल उठू नये म्हणून त्या दोघांनी घर आणि काठ वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला द्यायचे ठरवले. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "पाणमांजरं इथं खरंच राहतात का, ते आधी बघू. सगळ्याच जागा आम्हाला सांभाळता येत नाहीत."

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना राहवले नाही. पाहुण्यांपुढे घाण कशी ठेवायची? त्यांनी फिनेल ओतले, ब्रश घेतला आणि कुणाची दाढ साफ करावी तसे मला कोपऱ्याकोपऱ्यातून घासून काढले. मी लख्ख झाले. बाई आल्या, एकही खूण न दिसल्याने तशाच परत गेल्या. पाणमांजर मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

"जन्मभर लोकांची तोंडं घासलीस, तेवढं पुरलं नाही का रे तुला?" ताई म्हणाली, आणि तिने बोलणेच टाकले.

डॉक्टर रोज उजाडायच्या आधी वरच्या पायरीवर येऊन बसू लागले. पावसाने मला पुष्कळदा धुतले, फिनेलचा वास गेला. तरी नदी रिकामीच.

आणि एके दिवशी पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ उमटली. ती आली! मागे तीन पिल्ले. तिने मला कितीतरी वेळ हुंगले. डॉक्टरांनी श्वास रोखला होता. मीही, दगड असून, रोखला. मग ती वळली, शेपटी उचलली, आणि तिचे पाहून तिन्ही पिल्लांनीही तेच केले. कपावर डाग दिसला तर चहा न पिणारा तो माणूस ढसाढसा रडत होता.

"ताई, ऊठ! घाण केली गं! चौघांनी घाण केली!"

ताई अनवाणी धावत आली. पाळण्यात वाकून बघावे तसे ते दोघे माझ्यावर वाकले होते.

बाई पुन्हा आल्या, खुणा पाहून हो म्हणाल्या, आणि आता ते घर संस्थेचे आहे. बहीण-भाऊ गावात दोन खोल्यांत राहतात आणि इतरांसारखे कुंपणाबाहेरून बघायला येतात. परवा नवा रखवालदार म्हणाला, "आजोबा, पुढं जाऊ नका." डॉक्टर लगेच मागे सरले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

मित्रांनो, माया करायची म्हणजे दर वेळी हात लावायचाच असे नाही. नदीकाठी असा घाणेरडा दगड दिसला तर नाक मुरडू नका, पुसायलाही जाऊ नका. दोन पावले मागे व्हा. तिथे कुणीतरी राहते.