तेलाचं आयुष्य

भिकाजी तांडेलाला उभ्या जन्मात एकाच गोष्टीची लाज वाटली, आणि ती गोष्ट रोज त्याच्याच घरात दोन वेळा जेवत होती. त्याचा मुलगा दीपेश. बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या पोटी जन्माला आला आणि त्याला बोट लागायची! बंदर मागे पडलं की पोरगं कठड्याला धरून ओकायला सुरुवात. मिरकरवाड्याच्या जेटीवर लोक हसायचे, आणि लोकांच्या आधी भिकाजी हसायचा. दुसऱ्याने चिडवण्यापेक्षा आपणच चिडवलेलं बरं, असा त्याचा न्याय.

शेवटी दीपेशने समुद्राला हात जोडले आणि गाडी घेतली. रत्नागिरी स्टेशनवरून पर्यटक उचलायचे, गणपतीपुळ्याला सोडायचे, परत आणायचे. गाडीवर त्याचा भारी जीव. सकाळी फडकं घेऊन पुसताना स्वतःशीच गुणगुणायचा, आणि भिकाजीला नेमकं तेच बघवत नसे. गुडघे गेल्यापासून म्हातारा पडवीत बसून होता. बसल्या माणसाला दुसऱ्याचं सुख फार टोचतं हो.

तेवढ्यात मालगुंडच्या योगिनीताईंनी नवं रिसॉर्ट काढलं. पाहुण्यांसाठी त्यांना कायमची एक गाडी लावायची होती. बुधवारी सकाळी गाडी घेऊन या, बघते, असा त्यांचा निरोप आला. दीपेश हरखला. भिकाजीने लगेच मध्ये पाचर मारली.

"हे काम मिळालं तर तू आणि तुझी गाडी. नाही मिळालं तर गपचूप बोटीवर जायचं. बोटीच्या शेठला खलाशी हवाच आहे."

दीपेशचं तोंड उतरलं, पण तो "बरं" म्हणाला. बापापुढे त्याला दुसरा शब्द सुचतच नसे.

मंगळवारी दुपारी तो भाडं सोडून आला, तेव्हा गाडीच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला होता. पान्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, ऑइल लाइफ दहा टक्के. भिकाजीने खिडकीतून मान आत घातली.

"तेल संपत आलं की रे!"

"संपलं नाही, बाबा. तेल आहे तेवढंच आहे, त्याचं आयुष्य दहा टक्के राहिलंय. गाडी किती चालली, किती तापली, किती चढ चढली, त्यावरून मीटर अंदाज काढतो. शून्यावर यायच्या आत जुनं तेल काढून नवं भरायचं. मग आकडा आपणच शंभरावर आणून ठेवायचा. तो आपला आपण वर जात नाही."

"तेलाला आयुष्य? मग बारसं कधी घातलंस त्याचं?"

"पिवळा दिवा म्हणजे नुसती आठवण, बाबा. गुरुवारी बाबल्याच्या गॅरेजात नंबर लावलाय, तोवर काही होत नाही. लाल झारीचा दिवा लागला तर मात्र जागच्या जागी इंजिन बंद करायचं." जाता जाता तो म्हणाला, "आणि तुम्ही कशाला हात लावू नका हां."

हे शेवटचं मात्र त्याने बोलायला नको होतं. ज्या माणसाने बोटीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखलं, त्याला हे ओकणारं पोरगं म्हणतं हात लावू नका! भिकाजीच्या डोक्यात तिडीक गेली.

दीपेश आत जाऊन आडवा झाला. पडवीत बोटीच्या तेलाचा कॅन पडून होता. बोटीचं इंजिन तेल पितं. प्यालं की पाजायचं, एवढी साधी विद्या. कमी तेलाने इंजिन मेलेलं भिकाजीने बघितलं होतं, जास्तीने मेलेलं कधी नाही. त्याने बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं आणि ओतलं. मग आत बसून चावी फिरवून बघितली. दहा टक्के.

"तहान मोठी दिसते," तो पुटपुटला आणि आणखी ओतलं. पुन्हा दहा. तेल मोजायची काडी ओढली तर ती खुणेच्या पार वरपर्यंत माखून आली. तिथे शहाणा माणूस थांबला असता. पण भिकाजीला आता मीटरचाच राग आला होता. त्याने कॅन उपडा केला, शेवटचा थेंब गळेपर्यंत धरला, आणि परत चावी फिरवली. दहा म्हणजे दहा.

दारात कमळा उभी होती. त्याची बायको.

"अहो, त्याने सांगितलंय ना हात लावू नका म्हणून."

"तू तुझं म्हावरं निवड. तोंड उघडलंस तर याद राख."

आकडा शंभरावर गेला असता तर भिकाजीने सगळ्या वाड्याला बोलावून दाखवला असता. गेला नाही, म्हणून तो गप्प राहिला. रिकामा कॅन मात्र त्याने घरामागे नेऊन टाकला.

बुधवारी तोही गाडीत चढला. "बाईसमोर कसा ततपप करतोस ते बघतो," म्हणाला. दीपेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शहर मागे पडेपर्यंत बरं चाललं होतं. मग दीपेश सारखा आरशात बघायला लागला.

"धूर येतोय, बाबा. निळा."

"बोट रोज सोडते धूर. कधी मेली?"

आरे-वारेचा चढ लागला आणि मीटरमध्ये झारी पेटली, लालभडक. दीपेशने गाडी कडेला घेतली. त्याचा हात चावीकडे गेला.

"काय झालं?"

"लाल लागला. बंद करायला पाहिजे. तेल इंजिनात चढत नाहीये."

भिकाजीला आतून हसू आलं. तेल नाही म्हणे! तेल गळ्यापर्यंत होतं, त्याने स्वतःच्या हाताने ओतलं होतं. हा दिवा खोटं बोलत होता, दुसरं काय? एवढंच सांगितलं असतं, मी तेल ओतलंय म्हणून, तर पोरगं सावध झालं असतं. पण मग आकडा हलला नाही तेही सांगावं लागलं असतं.

"काल पिवळ्याला घाबरलास, आज लाल्याला घाबरतोस. उद्या हिरवा लागला तर मुतशील. मालगुंड राहिलंय किती? चल!"

"इंजिन जाईल, बाबा."

"इथे थांबलास तर काम गेलं. मग थेट बोटीवर. समुद्रातही ओकायचं, रस्त्यावरही ओकायचं. तुला जन्माला घालून कमळीने काय मिळवलं रे?"

दीपेशने चावीवरचा हात काढला. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने गाडी पुढे काढली. अर्धा चढ चढेपर्यंत आतून ठोके ऐकू यायला लागले, आधी हलके, मग घणाचे. मग एकदाच काहीतरी खाडकन तुटलं आणि गाडी मेली. दीपेशने योगिनीताईंना फोन लावला. "राहू दे, मी दुसरी गाडी लावते," एवढं बोलून त्यांनी ठेवला.

गाडी ओढून बाबल्याच्या गॅरेजात आणली. बाबल्याने खालचा बोल्ट सोडला. तेल आलं, येतच राहिलं. फेसाळलेलं, काळं. एक घमेलं भरलं, दुसरं लावलं, तरी धार थांबेना.

"आयला, ह्याला तेल घातलं की अंघोळ घातली?" बाबल्या ओरडला. "दुप्पट आहे! एवढं ओतलं की ते आत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाने काय इंजिन चालतंय? आणि हे गाडीचं तेल पण नाही, बोटीचं आहे. कुणी ओतलं हे?"

गॅरेजातली माणसं जमली. दीपेशने वळून बापाकडे बघितलं. बोटीचं तेल म्हटल्यावर त्याला कळायचं ते कळलं होतं. भिकाजीने नजर घमेल्याकडे वळवली. लाज वाटली त्याला, खरी लाज वाटली. पोटातून शब्द वर आला, पण एवढ्या माणसांत तांडेलाने म्हणायचं तरी काय, की मला समजलं नाही?

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "गाडी कुणाची? त्याला विचार."

सगळे दीपेशकडे बघायला लागले.

"मीच ओतलं," दीपेश म्हणाला.

बाबल्याने कपाळावर हात मारला. माणसं हसली. आणि भिकाजी, देव जाणे कुठून बळ आलं त्याला, सगळ्यांहून मोठ्याने हसला. "तांडेलाचं पोर, आणि तेल किती घालायचं ते कळत नाही! ह्याला घेऊन मी काय करू, सांगा!"

घरी येईपर्यंत त्याने ही गोष्ट वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितली. प्रत्येक वेळी ती थोडी जास्त खरी वाटायला लागली. शेठला फोन करून पोरगं येतंय म्हणून कळवलंसुद्धा.

कमळेने दोघांना वाढलं. दीपेशने भाताला हात लावला नव्हता.

"काय रे," भिकाजीने विचारलं, "खोटं कशाला बोललास तिथे?"

"तुम्ही खरं बोलता का, ते बघायचं होतं."

भिकाजीने घास चावला, गिळला, वर पाणी प्यायला.

"बघितलंस ना? मग जेव आता. पहाटे बोट सुटते."