न आलेलं बोलावणं

ओस्मो माझा धाकटा भाऊ, आणि मी त्याची साहेबीणसुद्धा. गावच्या पाणी संस्थेत आम्ही दोघंच कामाला. मी फोन घेते, कागद रंगवते, लोकांची बोलणी खाते. विहिरी, पंप आणि साडेतीनशे घरांचे नळ तो सांभाळतो. कचेरी म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली. गाव सरहद्दीपासून चाळीस किलोमीटरवर. सरहद्दीपलीकडे कोण आहे ते कुणी बोलत नाही, आणि विसरतही नाही.

दर वर्षा-दोन वर्षांनी ओस्मोला लष्कराचं पत्र येतं. फिनलंडातल्या बऱ्याच पुरुषांना येतं म्हणा. मग आठवडाभर जंगलात उखळी तोफेवर सराव. तीच सहा माणसं, वीस वर्षं. त्यांचा म्होरक्या तौनो, एरवी शाळेची बस चालवतो. मला मेलं हे प्रकरण कधी झेपलंच नाही. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, उठता-बसता गुडघे कुरकुरतात, आणि पत्र आलं की स्वारी लग्नाला निघाल्यासारखी बूट घासत बसते!

मागच्या फेब्रुवारीत तो सरावाला गेला आणि टेकडीवरचा पंप गोठला. साठ घरं दोन दिवस कोरडी. शेजारच्या गावच्या संस्थेने आधीच विचारलं होतं, "हेल्वी, त्या आठवड्यात आमचा माणूस पाठवू का?" मीच नको म्हटलं. कोण त्याला एकेक झडप दाखवत हिंडणार! मग काय, लोकांनी फोनवर माझी सालटी काढली.

त्यानंतर मी लष्कराकडे एक अर्ज भरला. मालकाला, म्हणजे संस्थेतर्फे मला, तशी सोय आहे. लिहून द्यायचं की हा माणूस गेला तर लोकांचं अडेल, युद्ध झालं तरी याला कामावरच राहू द्या. लष्कराला पटलं की त्याचं नाव तुकडीतून निघतं. त्या माणसाची संमती लागत नाही. त्याला सांगायचं काम मालकाचं. अर्ज मंजूर झाला, पण मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत उन्हाळा गेला.

सप्टेंबरात तौनोला येत्या हिवाळ्यातल्या सरावाचं पत्र आलं. बाकीच्या चौघांनाही आलं. ओस्मो रोज रस्त्याकडेच्या टपालपेटीत हात घालून बघायचा आणि माझ्याकडे कॉफीला यायचा.

"ताई, पोस्टातली बाई बदलली का गं?"

"नाही रे. का?"

"माझं पत्र अडकलंय कुठेतरी. तौनो चिडवतोय, म्हणतो म्हाताऱ्यांना वगळलं."

"मग बरंच झालं की. घरी बस."

तो हसला. मी त्याच्या कपात कॉफी ओतत राहिले. लाज वाटत होती, पण तोंड उघडेना.

नवव्या दिवशी त्याने लष्कराच्या कचेरीत फोन लावला. दुपारी माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि बुटांसकट आत आला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. जमिनीवर चिखलाचे ठसे उमटले, आणि मी समजले.

"तू माझं नाव काढायला लावलंस?"

"ओस्मो, बस आधी."

"नाही बसत. वीस वर्षं, ताई! आणि मला ते एका परक्या बाईकडून फोनवर कळतं. ती म्हणाली, तुमच्या मालकीणबाईंनी सांगितलं नाही का? मी काय बोलणार तिला?"

"पंप गोठला होता. साठ घरं..."

"पंपाचं सोड!"

मलाही राग आला. माझा स्वभावच तसला, चूक माझी असली की आवाज आणखी चढतो. "मग जा ना त्या तौनोकडे! तोच तुझा सख्खा! मेर्या संसार मोडून तुला सोडून गेली तेव्हा मी रोज सूप घेऊन दाराशी उभी असायचे. दार उघडलंस कधी? त्याला उघडलंस!"

हे बोलायचं नव्हतं. पण सहा वर्षं घशात अडकलेलं होतं, निघालं. त्या हिवाळ्यात तौनो दर रविवारी यायचा, एक शब्द न बोलता अंगणात लाकडं फोडायचा, आणि ओस्मो खिडकीतून बघत बसायचा. तिसऱ्या का चौथ्या रविवारी दारूची बाटली खाली ठेवून ओस्मोही कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. मी सूप घेऊन तशीच परत फिरले होते.

ओस्मो हळू आवाजात म्हणाला, "तू रडायचीस गं. मला तेव्हा कुणाचं रडणं सोसत नव्हतं."

"मी अर्ज मागे घेते. आत्ता, तुझ्यासमोर."

"माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय त्यांनी. आता मला कुठे टाकतील कोण जाणे. आणि तू मागे घेशील, पण एखादी वाईट बातमी ऐकलीस की पुन्हा भरशील. मी ओळखत नाही का तुला?" त्याने टोपी काढून हातात धरली. "ती बाई म्हणाली, इथली नोकरी सुटली की तो कागद आपोआप रद्द होतो."

"वेड लागलंय का तुला? नोकरी सोडून खाणार काय? आणि गावाला पाणी कोण देणार?"

"एकच सांग. हे पाण्यासाठी केलंस, की माझ्यासाठी?"

पाण्यासाठी, असं म्हणता आलं असतं. अर्जावर तेच लिहिलं होतं. पण मी त्याला लहानपणापासून एकदाही फसवलं नव्हतं, या उन्हाळ्यापर्यंत. पुन्हा जमेना.

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तू मेलास तर मी काय करू रे?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्याचा राग गेला होता, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

"पाण्यासाठी म्हणाली असतीस ना, ताई, तर गावासाठी राहिलो असतो. तुझ्या भीतीपायी नाही राहायचं मला."

मग माझ्याच टेबलावरचं पेन उचलून त्याने उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. तारीख मलाच विचारली. मी सांगितली.