दोघींच्या किल्ल्या

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी धाकटी तिचं घर आवरायला गेली. किल्ली कुलपात सरळ आत शिरली, पण फिरेना. तिने जोर लावला, किल्ली काढून पुसली, परत घातली, आणि शेवटी दमून जिन्याच्या पायरीवर बसली. तिथे बसल्या बसल्या तिच्या मनाने घेतलं, की ताईने कुलूप बदललंय, आणि तेही आपल्याला न सांगता. ती भांडली नाही. तिने फोन करणं तेवढं सोडून दिलं. ताईचाही फोन आला नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली.

वर्ष असंच गेलं. मग एके सकाळी त्या घराच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका फोनवर काकुळतीला आले. त्यांच्या छतातून पाणी ठिबकत होतं आणि शिवायला आलेले कोट भिजत होते. धाकटी कामावरून तशीच निघाली आणि वाटेतच तिने एका कुलूपवाल्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोजक्या. पिशवी उघडण्याआधी त्यांनी घर कुणाचं म्हणून विचारलं. धाकटी म्हणाली, माझंच. बादली घेऊन वर आलेले शिंपीकाका चाचरत म्हणाले, की तसं ते दोघी बहिणींचं आहे. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. नातलगांच्या भांडणात दार उघडून देऊन त्यांचे हात एकदा पोळले होते.

"त्यांना फोन लावा," त्या म्हणाल्या. "त्यांनी हो म्हटलं की लगेच उघडते."

धाकटीच्या जिवावर आलं, पण खाली पाणी थांबत नव्हतं. पलीकडून ताईचा आवाज आला, थकलेला आणि कडू.

"कुलूप तू बदललंस, आणि उघडायला माझी परवानगी मागतेस?"

धाकटीने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. ती इतकंच म्हणाली, "तू ये. तुझी किल्ली घेऊन ये."

ताई धापा टाकत जिना चढली. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. बाईंनी दोन्ही किल्ल्या पाठीला पाठ लावून उजेडात धरल्या. दाते तंतोतंत जुळत होते. ताईची किल्लीही आत गेली आणि तशीच अडून बसली.

मग बाई दारापुढे गुडघ्यांवर बसल्या. कुलपाच्या पोटात लहान पितळी खिट्ट्या असतात, वरून स्प्रिंगने दाबलेल्या. बरोबर किल्ली त्या सगळ्यांना एका रेषेत आणते आणि कुलूप फिरतं. किल्लीने होत नसेल तर तेच काम हाताने करायचं. त्यांनी एक वाकडी पट्टी घालून हलकासा ताण धरला आणि बारीक तारेने एकेक खिट्टी चाचपून उचलू लागल्या. एक टक् करून बसली, मग दुसरी. मध्येच त्यांचा हात थांबला.

"ही एक वरच चिकटून बसलीय," त्या म्हणाल्या. "खाली यायचं नाव घेत नाही."

त्यांनी आत कसलासा फवारा मारला, हातोडीच्या दांड्याने कुलपाच्या तोंडावर हलकेच ठोके दिले, थोडं थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोघी बहिणी नकळत खाली वाकल्या होत्या. पट्टी अचानक फिरली आणि दार उघडलं.

ताई धावली ती थेट मोरीच्या नळाकडे. तोवर बाईंनी कुलूप सोडवून त्याचा गाभा रुमालावर पाडला. खिट्ट्यांना पिवळट चिकटा धरला होता. त्यांनी वास घेतला.

"कुलूप जुनंच आहे, कुणी बदललेलं नाही. यात खायचं तेल कुणी घातलं? सुकून डिंक झालाय त्याचा."

ओल्या हातांनी ताई दारात आली.

"आईने," ताई म्हणाली. "शेवटी शेवटी बोटांत जोर नव्हता तिच्या. किल्ली फिरत नाही म्हणून कढईतलं थेंबथेंब सोडायची. मी पाहिलंय." मग जरा थांबून म्हणाली, "मी दोनदा येऊन परत गेले, छोटे. वाटलं, तुला मी इतकी नकोशी झाले."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू तरी विचारलंस?"

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. ताई शेजारी बसली, पण तिला लगेच जवळ घ्यायला तिचा हात धजेना. तिने नुसती धाकटीची घसरलेली पर्स उचलून मांडीवर धरली. बाई मान खाली घालून खिट्ट्या पुसत राहिल्या.

वर्षभराचा अबोला काही एका दुपारी धुऊन निघत नाही. फडकं कोणतं घ्यायचं यावरून दोघींची तिथेच कुरबुर झाली, आईची साडी फाडायला ताई तयार होईना. शेवटी शिंपीकाकांनीच खालून चिंध्यांचं गाठोडं आणून दिलं. संध्याकाळपर्यंत दोघी गुडघ्यांवर बसून फरशी टिपत होत्या, एक या भिंतीकडून, दुसरी त्या भिंतीकडून.