कात्रीताईंची ऑलिव्हची पानं

कात्रीताईंना एखादी गोष्ट पटली, की ती साऱ्या गल्लीला पटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नाव त्यांचं वेगळं होतं, पण कापडावर चालणाऱ्या हाताला जी धार होती तीच जिभेलाही होती, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ताईंनी रागावण्याऐवजी तेच नाव शिवणाच्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

रक्तदाबाची गोळी त्यांना बरीच वर्षं चालू होती. रोज सकाळी नाक मुरडून, जणू डॉक्टरांवर उपकार करतोय अशा थाटात त्या ती गिळत. अशात धाकट्या जावेनं एक बाटली आणून समोर ठेवली. ऑलिव्हच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल.

"तेल ऐकलं होतं. पानंसुद्धा पोटात घालतात?" ताईंनी बाटली चष्म्याजवळ धरली.

"आमच्या ऑफिसातली एक जण घेते, ताई. रक्तदाब उतरतो म्हणे. साखरही उतरते, शिवाय सर्दी जवळ फिरकत नाही."

"सर्दीचं राहू दे. रक्तदाबाचं खरं निघालं तरी पुष्कळ झालं."

आणि खरं निघालं की. गोळी होतीच, तिच्या जोडीला कॅप्सूल सुरू झाली, आणि घरच्या यंत्रावरचा हट्टी आकडा शहाण्या मुलासारखा खाली येऊन बसला. मग काय विचारता! बटण लावून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पानांची महती ऐकूनच बाहेर पडायला लागलं. ज्यांना रक्तदाब नव्हता, त्यांनाही आपल्याला तो असावा असं वाटायला लागलं. शेजारच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या काकांना मधुमेह होता. ताईंनी एक नवी बाटली थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"घेतो," काका म्हणाले. "नाही घेतली तर तुम्ही रोज विचाराल, आणि तो त्रास मधुमेहापेक्षा मोठा."

मधूनमधून ताईंना उठताना गरगरायचं. त्याचं खापर त्यांनी आधी उकाड्यावर फोडलं, मग चष्म्याच्या नंबरावर. पानांवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता.

एका दुपारी एक गवई लांब कोटाच्या मापाला आला. माणूस दारात मावणार नाही असा, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. कोटाची खालची कड दुमडायला ताई गुडघ्यांवर बसल्या होत्या, ओठांत टाचण्या होत्या. काम झालं, त्या झटकन उठल्या, आणि भिंती, आरसा, गवई सगळं एकदम काळं झालं. पडता पडता त्यांना दोन भल्या मोठ्या हातांनी झेललं.

"टाचण्या थुंका," गवई म्हणाला.

ताईंनी मुकाट्यानं थुंकल्या. गिऱ्हाइकाचा हुकूम आयुष्यात एकदाच ऐकला, असं त्या पुढे सगळ्यांना सांगत.

जावेनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभं केल्यावर तो पार तळाला गेला होता.

"गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"औषध काही नाही," ताई म्हणाल्या. "फक्त एक पान."

मग बाटली पर्समधून बाहेर आली. ताईंना वाटलं, आता बोलणी बसणार. पण डॉक्टरीणबाई लेबल वाचून शांतपणे म्हणाल्या, "पान काही अगदीच खोटं नाही. काही लहान अभ्यासांत त्यानं रक्तदाब थोडा उतरलेला दिसलाय, साखरेवरही थोडा परिणाम दिसलाय."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"अर्धं. गोळीही रक्तदाब उतरवते, पानही उतरवतं. दोन्ही ब्रेक एकदम दाबलेत तर गाडी पालथी होणारच."

"मग गोळी सोडते."

"मुळीच नाही. गोळीत औषध किती ते मला माहीत आहे. या कॅप्सूलमध्ये किती, पुढच्या बाटलीत किती, कुणाला ठाऊक? आणि इतक्या थोड्या अभ्यासांवर मी तुमचं हृदय सोपवणार नाही. गोळी चालू, पान बंद. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय याला हातच लावू नये. साखर फार खाली जाऊ शकते."

ताई ताडकन उठायला गेल्या. जावेनं दंड धरून बसवलं.

"इस्त्रीवाले," ताई म्हणाल्या. "फोन लाव त्यांना."

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पाणी पिऊन, सावकाश चालायचं कबूल करून ताई जावेबरोबर निघाल्या. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी अडकली तशा उतरल्या, आणि सावकाश चालण्याचं वचन तिथेच राहिलं.

काका धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता, बोटं थरथरत होती. तापलेली इस्त्री टेबलावर उभी होती. जावेनं आधी तिचं बटण बंद केलं.

"ताई," काका जडपणे म्हणाले, "इस्त्रीला एकच सदरा दिला होतात ना? दोन का दिसतायत?"

"जेवलात का?"

"काम होतं."

ताईंनी आपल्या दुकानातून पाण्यात मूठभर साखर ढवळून आणली. काकांना गिळता येत होतं. पेला त्यांच्या ओठांना लावून, घोट घोट करत सगळं पाणी पाजलं. जावेनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सावरले की खायला द्या आणि लगेच इकडे आणा. हळूहळू काकांची बोटं थांबली, नजर ठिकाणावर आली.

"तुमच्या पानानं माझा काटाच काढला होता," ते म्हणाले.

"पानानं नाही, मी. तुमच्या औषधांचं विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं."

"मग निम्मी चूक तुमची," ताई म्हणाल्या, आणि काकांच्या हातात बिस्किटांचा पुडा देऊन म्हणाल्या, "खा. हीसुद्धा सक्तीच आहे."

दुसऱ्या दिवशी ताईंनी ज्यांना ज्यांना पानांचं कौतुक सांगितलं होतं, त्यांच्या त्यांच्या घरी त्या गेल्या. मान खाली घालून नव्हे, दार ठोकून. एकीनं टोमणा मारला, "काल एक सांगत होतात, आज भलतंच?"

"काल चुकीचं शिवलं, आज उसवतेय," ताई म्हणाल्या. "कापड तर वाचलं. तुम्ही कोणती औषधं घेता ते सांगा."

गवयाचा कोट ठरल्या वेळी तयार झाला. पुढच्या तपासणीत ताईंचा रक्तदाब एकट्या गोळीवर ठीक निघाला. पान पुन्हा कधी घेता येईल का, हे विचारायला त्या विसरल्या नाहीत. "आधी मला विचारायचं, मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंना ही अट मान्य होती.

बाहेरच्या बाकावर त्या जावेची वाट बघत बसल्या, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेजारच्या आजोबांना त्यांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? पूड, काढा, पानं?"

आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि कोटाच्या खिशातून कसल्याशा पुड्या बाहेर काढल्या.

"आत गेलात की आधी या पुड्या टेबलावर ठेवा," ताई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई रागावत नाहीत." आणि त्या बाकावरच्या पुढच्या माणसाकडे वळल्या.