साहेबांच्या डोक्याचा आलेख

मित्रांनो, मी चिंचवडच्या एका दवाखान्यातलं जुनं यंत्र आहे. मेंदूचे आलेख काढतो. स्वभावाने गरीब, फक्त डूख धरतो.

क्ष-किरणांचं यंत्र कवटीचं हाड दाखवतं, म्हणजे कारखान्याची कंपाउंड वॉल. मुंबईला नवं यंत्र आलंय म्हणे. ते चहूबाजूंनी किरण सोडून मेंदूचे काप दाखवतं, म्हणजे आतल्या शेडचा नकाशा. पण शेडमध्ये काम चाललंय की झोपा, ते मी सांगतो. डोक्याला तारा चिकटवल्या की मेंदूतली इवलीशी वीज मी मोठी करतो आणि माझ्या आठ लेखण्या सरकत्या कागदावर तिच्या लाटा काढतात.

१९८० साली खंडू आला. लेथवर काम करता करता तो मध्येच टक लावून बसायचा, हाक ऐकू यायची नाही. सोबत कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर लक्ष्मणराव होते. "सोंग आहे. तपासणीत काही निघालं नाही, की उद्यापासून घरी!"

मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून खंडूच्या बायकोने, जाईबाईने, त्याच्या डोक्यात अर्धी वाटी तेल जिरवलं होतं. तारा घसरल्या. लेखण्यांनी नुसतं गिचमीड काढलं.

"यंत्र भंगार, माणूस नाटकी!" लक्ष्मणरावांनी मला बुटाची लाथ हाणली.

मी लक्षात ठेवलं.

"आवं, इस्कटल्या डोस्क्यानं धाडायचं व्हय?" जाईबाई रडवेली झाली.

"रिठ्याने धुऊन आणा, बाई. उद्या परत काढू," तारा लावणाऱ्या मंजुळाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खंडूला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावले. तो मध्येच थबकला, टक लागली, आणि माझ्या आठही लेखण्या उसळल्या. सुळका, लाट, सुळका, लाट! डॉक्टरांनी फिट्सचा आजार असं लिहून दिलं.

"असं कुणाचंही येईल! लावा मला," म्हणत लक्ष्मणराव कॉटवर आडवे झाले.

"डोळे मिटा, साहेब."

पाचव्या मिनिटाला माझ्या कागदावर झोपेच्या लाटा उमटू लागल्या. एकही लाट मी हातची जाऊ दिली नाही.

"झोपलो नव्हतो, विचार करत होतो!" साहेब उठल्यावर म्हणाले.

"लक्ष्मणराव, विचार असा दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

खंडूला गोळ्या सुरू झाल्या, लेथवरून स्टोअरमध्ये बदली झाली. नोकरी वाचली. साहेबांचा आलेख युनियनच्या फळ्यावर कसा पोचला, मला ठाऊक नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ड्युटीवर झोप : सकाळी अकरा ते सव्वाअकरा.'

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपत जा. लाथ मारली तरी आम्ही उलटून बोलत नाही. लिहून ठेवतो.