केसांची काळी पिन

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा कोणाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. किती जुनी, ते माझ्या कागदांवर लिहिलेलं होतं आणि ते कागद उंदरांनी खाल्ले. तरुणपणी मी एकदा वाऱ्याशी शर्यत लावली आणि जिंकले. वारा मागून धापा टाकत आला आणि म्हणाला, बाई, जरा दम घेऊ दे. माझ्यावर एकदा नऊ माणसं, एक लोखंडी कपाट आणि कपाटावर झोपलेली एक मांजर एवढं सगळं एका खेपेत गेलं. मांजर शेवटपर्यंत जागी झाली नाही. पेट्रोल संपलं की मी नुसत्या वासावर चालत असे. आणि थंडी असो, पाऊस असो, पहिल्या किकला सुरू!

तुमच्यातली ती चष्मेवाली मुलगी हसते आहे. हस बाई. दप्तर खाली ठेव आणि मग हस. या गॅरेजपुढं उभं राहून मी रोज काही ना काही सांगते, तुम्ही शाळेतून येता-जाता ऐकता आणि घरी जाऊन विसरता. आजचं मात्र नीट ऐका. मागे खारू उभी आहे, चिंधीनं हात पुसते आहे. तिला ऐकायचं असेल तर ऐकू दे. मी काही तिच्यासाठी सांगत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं मला कोणी प्रेमानं वाढवलं वगैरे नाही. एकानं चाक बसवलं, एकानं टाकी बसवली, एकानं शिक्का मारला आणि ढकललं बाहेर. माझे पहिले दोन मालक सांगण्यासारखे नव्हते. तिसरा दादा. त्याला नाव होतं, पण गल्लीत सगळे त्याला दादाच म्हणायचे, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. बावीस वर्षांचा होता. घरोघर जाऊन विजेची मीटरं वाचायचा. घरात शिवणकाम करणारी आई आणि नऊ वर्षांची धाकटी बहीण. वडील भिंतीवरच्या फोटोत.

ही धाकटी म्हणजे खारू. सापडेल ते पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवायची. बटणं, बाटल्यांची बुचं, तुटकी फूटपट्टी. म्हणून दादानं ते नाव ठेवलं. संध्याकाळी तो मला दारात उभी करून पुसायचा आणि ती माझ्या टाकीवर बसून दोन्ही आरशांत तोंड वाकडं करून बघायची. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं की तुझं बरं चाललंय ना, तर मी पहिल्यांदा आणि शेवटचं खरं बोलले असते.

आता थोडं माझ्या शरीराबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पायाखालच्या ब्रेकपासून मागच्या चाकापर्यंत एक लांब सळई जाते. तिचं वाकवलेलं टोक ब्रेकच्या पट्टीत अडकवलेलं असतं, आणि ते निसटू नये म्हणून त्या टोकाच्या भोकात एक बारीक पिन घातलेली असते. बोटाच्या पेराएवढी. ती आहे तोवर ब्रेक आहे. पुढच्या चाकालाही ब्रेक असतो म्हणा, पण माझा नावालाच होता. त्याची वायर दादा दर महिन्याला पुढच्या महिन्यात बदलायचा.

एका संध्याकाळी ती पिन तुटली. दादानं खाली वाकून पाहिलं, डोकं खाजवलं आणि हाक मारली.

“खारू, तुझ्या केसातली एक पिन दे.”

“नाही.”

“अगं, एका रात्रीपुरती. उद्या परत देतो.”

“उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे. माझ्याकडे दोनच आहेत.”

“मग एका पिनेवर काढ.”

“केस डोळ्यावर येतात.”

“येऊ देत. लोकांना कळेल तरी, खारीला शेपूट असतं ते.”

ती फुगली, पण तिनं पिन काढून दिली. काळी, साधी, मधे नागमोड असलेली. दादानं ती सळईच्या भोकात घातली, टोकं पिळली आणि मला घेऊन तडक मिस्त्रीकडे आला. म्हणजे इथंच, या उताराच्या पायथ्याशी. मिस्त्री शटर ओढत होता.

“काका, हे बघा, बहिणीची पिन लावून आलोय. खरी बसवून द्या.”

मिस्त्रीनं वाकून पाहिलं आणि हसला. “अरे वा. आता लाली-पावडरही लाव तिला. सकाळी ये. कुलूप काढायला लावू नकोस.”

“टिकेल ना?”

“रात्रभर टिकेल.”

टिकली. मी सांगते ना, टिकली.

सकाळी खारू अंगणात आली. शाळेचा गणवेश, हातात कंगवा. माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या सळईकडे बघितलं. थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि उठून गेली. बस. हात लावला नाही. एक पिन लावून, उजवीकडचे केस डोळ्यावर घेऊन, नाक वर करून फोटोला गेली. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. तेव्हा माझा दिवा फुटलेला नव्हता.

मग दादा निघाला. मिस्त्रीकडेच निघाला होता, पिन बसवायला. उताराच्या मध्यावर लोखंडी नळांनी भरलेला एक ट्रक उभा होता. नळ मागे हातभर बाहेर आलेले. आणि एक कुत्रं आडवं आलं. वासराएवढं. वासराएवढं कसलं, घोड्याएवढं. दादानं ब्रेक दाबला आणि तो करकचून लागला. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. ब्रेक लागला. पण रस्त्यावर तेल सांडलं होतं, आणि तेलापुढं ब्रेक तरी काय करणार? नंतर लोक म्हणत होते की कुत्रं कोणी पाहिलं नाही, तेलही नव्हतं, आणि रस्त्यावर चाक घासल्याची खूणही नव्हती. लोकांना काय, बोलायला काहीतरी लागतंच.

दादाची मीटरची वही फाटून पानं सगळ्या उतारावर पसरली. मिस्त्री खालून धावत आला. तो पानं गोळा करत राहिला. माणसाला उचलायला बाकीचे होते. त्यानं एकेक पान उचललं, झटकलं आणि आकड्यांच्या क्रमानं लावलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला हातगाडीवर घालून घरी आणलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि ती एवढंच म्हणाली, “हिनं खाल्लं त्याला.”

त्यानंतर मी सोळा वर्षं जिन्याखाली होते. आईनं मला विकलं नाही. जिन्यावरून उतरताना ती रोज माझ्याकडे बघून एक शब्द टाकायची. अवदसे. बाकी कोणाशी ती फारशी बोलायची नाही, तेव्हा निदान माझ्याशी बोलते याचं मला बरं वाटायचं. काही वर्षांनी तिनं तेही सोडलं. एखादा दिवस शिवीशिवाय गेला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग रोजच तसं व्हायला लागलं. हवेच्या फिल्टरात उंदरानं घर केलं. धुराच्या नळीत कुंभारमाशीनं माती भरली. टायरांना भेगा पडल्या. गंज आधी टाकीला लागला, मग मनाला.

खारू जिन्याखाली कधी फिरकली नाही. नळावर जायचं तरी मागच्या दारानं वळसा घालून जायची. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली. केस तिनं त्याच वर्षी कापून टाकले, पार कानाच्या वर. त्यांना पुन्हा कधी पिन लावली नाही. असते एकेकीला हौस.

मग गेल्या महिन्यात एक दिवस आई म्हणाली, “भंगारवाल्याला सांगितलंय. रविवारी येईल.”

खारूनं हातातलं ताट खाली ठेवलं. “थांब. मी तिला आधी मिस्त्रीकाकांकडे नेते.”

“कशाला?”

“चालू करायला.”

“अजून एक जीव घेऊ दे म्हणतेस?”

“आई, गाडीनं काही केलं नसेल तर?”

“मग कोणी केलं?”

खारूनं ताट पुन्हा उचललं. आई उठता उठता म्हणाली, “बाहेर काढतेस तर काढ. परत या घरात आणू नकोस.”

त्याच उतारावरून खारूनं मला ढकलत आणलं. ढकलत कसली, मी पुढं ओढत होते आणि ती सगळं वजन टाकून मला मागे धरत होती. त्या एका जागी तिनं मान फिरवली. खाली पोचली तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते.

मिस्त्री आता म्हातारा झाला आहे, तुम्ही बघताच. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

“ही अजून आहे?”

“आहे. करता येईल?”

“जाम झालं असेल सगळं. वेळ लागेल.”

“लागू दे. मी रोज संध्याकाळी येईन हाताखाली.”

आली. टाकीत नट-बोल्ट आणि रॉकेल घालून दोघांनी ती खुळखुळवली, आतून विटकरी पाणी निघालं. उंदराचं घर निघालं, त्यात माझे कागद होते. इंजिनात तेल सोडून आठवडाभर ठेवलं, तेव्हा कुठं पिस्टन हलला. चष्म्याचे स्क्रू फिरवणारी बोटं तिची. कार्बुरेटरची बारीक भोकं तिनं तारेनं अशी साफ केली की मला गुदगुल्या झाल्या.

एक जागा मात्र तिनं उघडली नाही. पडले तेव्हा पायदान वाकून ब्रेकच्या सळईवर दबलं होतं, आणि वर सोळा वर्षांचा चिखल. आत काय आहे ते दिसत नव्हतं.

“काका, ते तुम्हीच उघडा. मी दुकानात असताना. तिथं भोकात काही आहे का, तेवढं सांगा मला.”

“काही म्हणजे?”

“काहीही. तार, खिळा, काडी. दादानं निघताना काहीतरी अडकवलं असेल.”

“असलं तर?”

“तर गाडी चालू करू.”

“आणि नसलं तर?”

“तर आईला एक गोष्ट सांगावी लागेल. सोळा वर्षं ती चुकीच्या कोणालातरी बोलतेय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीनं पायदान सरळ केलं, चिखल खरवडला आणि तो माझ्याजवळ खाली बसला. बराच वेळ बसला. मिस्त्रीची बायको दुपारी डबा घेऊन आली. तिच्या अंबाड्यात काळ्या पिना असतात, पण त्याचा इथं काही संबंध नाही.

संध्याकाळी त्यानं खारूपुढं तळहात उघडला. वाकलेली, ग्रीसनं माखलेली एक केसांची पिन.

“जागच्या जागी होती. बघ. तुझीच ना?”

“माझी होती, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“आदल्या संध्याकाळी दाखवून गेला होता तो. ब्रेक शाबूत होता पोरी. कोणाचं काही चुकलं नाही.”

“हं,” खारू म्हणाली. पिन घेतली आणि खिशात ठेवली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मग ती टायरात हवा भरायला लागली.

झालं. नवी पिन बसली, नवी वायर बसली. काल मी सुरू झाले. पहिल्या किकला. बरं, एकेचाळिसाव्या. आज खारू मला घेऊन उतारावर गेली. वरून सोडलं आणि त्या जागी ब्रेक दाबला. मी थांबले, मित्रांनो. जिथं म्हणाली तिथं, खिळल्यासारखी. ती बराच वेळ तशीच बसून होती, एक पाय ब्रेकवर आणि एक जमिनीवर. एवढं सोपं होतं ते.

तर आता माझं मागणं ऐका आणि घरी जा. गाडीला वेळेवर तेल घाला. पुढच्या महिन्यावर काही टाकू नका. कुलूप काढायचा कंटाळा करू नका. तो म्हातारा तिकडे कानस घासतोय, त्याला ऐकू गेलं तरी चालेल. आणि जे उरलेत, त्यांना त्यांच्या वाट्याचं आयुष्य जगू द्या. माझ्या बाबतीत तर कोणाला दोष द्यावा असं काही घडलंच नाही. पिन जागेवर होती. लहान मुलगी होती, एक पिन लावून, केस डोळ्यावर घेऊन ती फोटोला गेली आणि—

“खोटं.”

खारू पुढं आली. चिंधी तिनं माझ्या सीटवर ठेवली.

“तो फोटो आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “दोन्ही पिना माझ्या केसांत आहेत.”

आत कानस थांबली. खारूनं खिशातली पिन काढून मिस्त्रीच्या बाकावर ठेवली आणि किकवर पाय दिला.

“काका, तुम्ही साधी तार दाखवली असतीत ना, तर मला पटलं असतं.”